गाडी सोडायची की थांबवायची: हातातल्या ॲनिमोमीटरचे परीक्षण

न्हावा शेवा, वडाळा, कळंबोली आणि भिवंडी यांच्यामध्ये मालाची ने-आण करणाऱ्या एका लहान वाहतूक कचेरीत गाड्या लावण्याचे काम माझ्याकडे आहे. कोणती गाडी किती वाजता आणि कोणत्या रस्त्याने सोडायची हे ठरवताना पाऊस, वाहतूक कोंडी, अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आणि बंदराचे कट-ऑफ, म्हणजे माल आत घेण्याची शेवटची वेळ, यांचा हिशेब आमच्या धंद्यातला प्रत्येक जण करतो. वाऱ्याचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी ‘आज हवा जास्त आहे’ या वाक्यापाशी संपतो. हवा किती जास्त आहे, कोणत्या गाडीसाठी जास्त आहे आणि ती थांबवण्याइतकी जास्त आहे का, या प्रश्नांना आकड्यात उत्तर मिळावे म्हणून मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून वाऱ्याचा वेग मोजणारे हातात मावणारे यंत्र, म्हणजे ॲनिमोमीटर, विकत घेतले. पावसाळ्याआधीच्या वादळी दिवसांत आणि त्यानंतर भर पावसाळ्यात ते वापरून झाल्यावर, मालवाहतूक करणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. या यंत्राच्या जोडीने हवामान विभागाच्या ज्या सेवा वापराव्या लागतात त्यांच्याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण एकट्या यंत्रावर निर्णय घेता येत नाही.

वारा ट्रकला नेमके काय करतो, हे आधी स्पष्ट करतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलो वजनाइतका असतो. ताशी ६० ला तो १७ किलो, ताशी ८० ला ३० किलो आणि ताशी १०० ला ४७ किलो होतो. चाळीस फुटी हायक्यूब, म्हणजे जादा उंचीचा, कंटेनर (आमच्या भाषेत डबा) १२.१९ मीटर लांब आणि २.९ मीटर उंच असतो, त्यामुळे त्याची एक बाजू ३५ चौरस मीटरची भरते. आडवा वारा ताशी ६० किलोमीटरचा असेल तर त्या बाजूवर साधारण ६०० किलोंचा जोर येतो आणि ताशी ८० च्या झोताला तो एक टनापलीकडे जातो. डब्याच्या धारदार कडांमुळे प्रत्यक्ष जोर याहून थोडा अधिकच असतो. डब्यात पंचवीस टन माल असेल तर गाडी हा जोर सहन करते. तोच डबा रिकामा असेल तर त्याचे स्वतःचे वजन चार टनांच्या आतबाहेर असते, पण वाऱ्यापुढे धरलेली बाजू मात्र तेवढीच मोठी राहते. म्हणून वाऱ्याच्या दिवशी धोक्याची गाडी भरलेली नसून रिकामी असते. डोळ्यांना उलटे वाटते, कारण रस्त्यावर सगळे जण ओव्हरलोड गाडीलाच घाबरतात.

रिकामी गाडी थेट उलटेल असे नव्हे. बहुतेक वेळा त्याआधी ती भरकटते. पुलाच्या कठड्याचा, डोंगराचा किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या गाडीचा आडोसा एकदम संपतो, वाऱ्याचा झोत अंगावर येतो, ट्रेलर अर्धी लेन सरकतो आणि चालक उलट बाजूला स्टेअरिंग देतो. पुढच्याच क्षणी झोत थांबतो आणि दिलेले स्टेअरिंग जास्त ठरते. साताऱ्याकडचे आमचे एक जुने चालक फोनवर ‘साहेब, डबा ओढतोय’ एवढेच म्हणतात. या तीन शब्दांत वर मांडलेले सगळे गणित येते, आणि हे शब्द ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, जवळची मोकळी जागा सांगायची असते.

आता यंत्राकडे वळतो. मूठभर आकाराच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यावर, वर एका गोल चौकटीत छोटा पंखा आणि खाली अंकांचा पडदा, अशी त्याची रचना आहे. किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास पडली. बाजारात तीन वाट्या फिरणाऱ्या रचनेचे यंत्रही मिळते आणि ते कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला सारखेच फिरते. पंख्याच्या यंत्राचे तोंड मात्र नेमके वाऱ्याकडे धरावे लागते, ते तिरके झाले की वेग कमी दिसतो. तरीही मी पंख्याचे घेतले, कारण वाट्यांचे यंत्र चालकाच्या केबिनमध्ये ठेवायला अवघड असते आणि त्याच्या बारीक दांड्या लवकर मोडतात. दिशा शोधण्यासाठी पंख्याच्या चौकटीला लोकरीचा एक धागा बांधला आहे. तो सरळ मागे उडू लागला की तोंड बरोबर धरले आहे असे समजावे.

यंत्र सेकंदाला मीटर, ताशी किलोमीटर, नॉट, ताशी मैल आणि मिनिटाला फूट अशा पाच एककांत वेग दाखवते. त्यातला सर्वांत गंभीर दोष इथेच आहे. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर ते आपोआप सेकंदाला मीटर या एककावर परत जाते. पडद्यावर १५ दिसले की घाईत असलेल्या माणसाला वारा किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो ताशी ५४ किलोमीटरचा असतो. ज्या यंत्राच्या भरवशावर माणसाने गाडी थांबवायची, त्याने मागच्या वेळचे एकक लक्षात ठेवू नये, हे मला मान्य होत नाही. उपाय म्हणून प्रत्येक यंत्राच्या पाठीवर मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी चिकटवली आहे: १० म्हणजे ३६, १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२. चालकांनी आता ही चिठ्ठी पाठ केली आहे आणि काही जण एकक बदलण्याच्या भानगडीत न पडता थेट तिच्यावरूनच वेग सांगतात.

‘मॅक्स’ आणि ‘ॲव्हरेज’ ही दोन बटणे मात्र या यंत्राचे सार आहेत. सरासरी वारा आणि झोत यांत मोठा फरक असतो. उघड्या समुद्रावर झोत सरासरीच्या सव्वा ते दीडपट असू शकतो आणि इमारतींमधून येणारा वारा अडखळत येत असल्यामुळे शहरात हे प्रमाण आणखी वाढते. चालकाची परीक्षा सरासरी वारा घेत नाही, झोत घेतो. सारख्या वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याला स्टेअरिंगवर थोडे वजन देऊन गाडी सरळ ठेवता येते. अचानक आलेल्या झोताला तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून आमच्याकडे यंत्र दहा मिनिटे धरून ‘मॅक्स’ वाचायचा आणि तोच आकडा कचेरीत कळवायचा, असा नियम केला आहे. एक काळजी घ्यावी लागते: मागच्या मोजणीचा ‘मॅक्स’ पुसल्याशिवाय नवी मोजणी सुरू करू नये.

यंत्राची अचूकता कशी आहे, हे तपासण्यासाठी मी विमानतळाच्या नोंदीचा आधार घेतला. सांताक्रूझच्या विमानतळावरून दर अर्ध्या तासाला वैमानिकांसाठी हवामानाचा संकेतबद्ध अहवाल निघतो, त्याला मेटार म्हणतात, आणि तो कोणालाही मोबाइलवर पाहता येतो. त्यात वाऱ्याची दिशा अंशांत आणि वेग नॉटमध्ये असतो. ‘२४०’ नंतर ‘१८’ आणि पुढे ‘जी ३०’ असे दिसले, तर वारा नैऋत्येकडून सरासरी १८ नॉट, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर वेगाने वाहत आहे आणि झोत ३० नॉटचे, म्हणजे ताशी ५६ किलोमीटरचे आहेत, असा अर्थ होतो. झोत सरासरीपेक्षा किमान १० नॉटनी जास्त असले तरच ‘जी’ छापतात, त्यामुळे ते अक्षर दिसणे हीच स्वतंत्र सूचना समजावी. उघड्या मैदानात हात वर करून माझ्या यंत्राने दिलेली सरासरी मेटारच्या आकड्यापेक्षा सातत्याने कमी भरली. हा यंत्राचा दोष नाही. हवामान केंद्रावर वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात, आणि जमिनीच्या घर्षणामुळे छातीच्या उंचीवरचा वारा मोकळ्या जागीही त्याच्या साधारण चार-पंचमांशच असतो. कंटेनरचा वरचा भाग चार मीटरच्या वर असतो आणि खाडीपुलाचा रस्ता पाण्यापासून आणखी कितीतरी वर. म्हणून हातातल्या यंत्राचा आकडा वाचल्यावर त्यात त्याचा पाव हिस्सा मिळवावा. ४० दिसले तर ५० धरावे.

जागेची निवड यंत्राच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाची ठरते. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये चारी बाजूंना उभ्या असलेल्या गाड्यांच्या मध्ये घेतलेला आकडा पुलावरच्या वाऱ्याबद्दल काहीही सांगत नाही. भिवंडीत मानकोलीकडच्या गोदामांच्या दोन रांगांमधली गल्ली तर दोन्ही बाजूंनी फसवते, कारण वारा तिच्या दिशेने वाहत असेल तर अडकून जास्त भरतो आणि आडवा असेल तर जवळपास थांबतो. पुलावर गाडी उभी करून मोजणे हा बेकायदेशीर आणि जीवघेणा प्रकार आहे, तो कोणीही करू नये. पुलाच्या अलीकडे, जिथे अधिकृतपणे थांबता येते आणि आजूबाजूला इमारती नाहीत, अशी एक-एक जागा प्रत्येक रस्त्यासाठी आम्ही ठरवून ठेवली आहे, आणि मोजणी तिथेच होते.

पाण्याच्या बाबतीत यंत्र साफ नापास आहे. मुंबईतला जोराचा वारा पावसाळ्यात येतो आणि हे यंत्र पावसात धरायचे नसते, ही विसंगती विक्रेत्याने सांगितली नाही आणि वेष्टणावरही लिहिलेली नाही. पारदर्शक पिशवीत गुंडाळून फक्त पंखा उघडा ठेवला तर रिमझिम पावसात काम भागते, सरींत नाही. सिमेंटची धूळ आणि खारी हवा यांमुळे पंख्याचा कणा जड होतो आणि वेग कमी दिसू लागतो; हलकी फुंकर मारल्यावर पंखा सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे, झटक्यात थांबू लागला की ते यंत्र बाजूला काढावे. एका नगाचा पंखा असा जड झाल्यावर दुकानदाराने पावती पाहून नग बदलून दिला आणि त्यासाठी वाद घातला नाही, याची नोंद करणे मला योग्य वाटते. माहितीपुस्तिका इंग्रजी आणि चिनी भाषेत आहे आणि तिच्यातली अक्षरे इतकी बारीक आहेत की चालकाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा आहे.

हातातल्या यंत्राची मर्यादा त्याच्या बनावटीपेक्षा खोल आहे. ते फक्त आत्ताचा वारा सांगते. १३ मे २०२४ ला दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले तेव्हा थोड्याच वेळात शांत हवेचे सोसाट्याच्या वाऱ्यात रूपांतर झाले. घाटकोपरला छेडा नगरजवळ पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. त्या दिवशी वादळाआधी पाच मिनिटे कोणी हे यंत्र वर धरले असते तर त्याने निर्धास्त करणारा आकडा दाखवला असता. पावसाळ्याआधीच्या गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तिचा पुढचा काठ मिनिटांत पोचतो आणि त्याची चाहूल फक्त रडारला लागते.

त्यासाठी भारतीय हवामान विभागाची तीन तासांची तात्कालिक सूचना, ज्याला सगळे ‘नाऊकास्ट’ म्हणतात, ती पाहिली पाहिजे. कुलाबा आणि वेरावली येथील रडारवरून ढग कुठे वाढत आहेत ते कळते आणि मुंबई, ठाणे, रायगड, पालघर अशा जिल्ह्यांसाठी सूचना निघते. ही सेवा विनामूल्य आहे आणि ‘मौसम’ या मोबाइल ॲपवर मिळते. माझ्या मते मालवाहतूकदाराला उपलब्ध असलेल्या सगळ्या साधनांत हिचे मोल सर्वांत जास्त आहे. ती वाचण्याची रीत मात्र समजून घ्यावी लागते. पिवळा, नारंगी, लाल हा रंग पाहून निर्णय घेऊ नये, कारण पावसाळ्यात तो रंग बहुतेक वेळा पावसासाठी दिलेला असतो. वाऱ्याचा वेग खालच्या मजकुरात असतो. गडगडाटी वादळाच्या वर्गवारीत ‘मध्यम’ म्हणजे ताशी ४१ ते ६१ किलोमीटर आणि ‘तीव्र’ म्हणजे ताशी ६२ ते ८७ किलोमीटर वारा. मध्यम हा शब्द वाचून आमच्या एका पार्टीचे, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकाचे, व्यवस्थापक निश्चिंत झाले होते; रिकाम्या चाळीस फुटी डब्याच्या दृष्टीने तो मध्यम वारा मुळीच मध्यम नसतो. चक्रीवादळाच्या बातमीतही असाच घोटाळा होतो. हवामान विभाग ताशी ६२ ते ८८ किलोमीटरच्या वाऱ्याला चक्रीवादळ म्हणतो आणि हा आकडा तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो. झोत त्याच्या वर जातात आणि ते वाक्याच्या शेवटी वेगळे दिलेले असतात. तौक्ते चक्रीवादळाचे केंद्र मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातून गेले, शहरावर आले नाही, तरीही १७ मे २०२१ ला कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

वाऱ्याचा नकाशा दाखवणारे ‘विंडी’ हे ॲपही आम्ही पाहतो. त्यात झोतांचा वेगळा थर आहे आणि दुसऱ्या दिवशीचे नियोजन करायला तो चांगला उपयोगी पडतो. युरोपीय हवामान केंद्राच्या ज्या संगणकीय प्रारूपावर तो आधारलेला आहे त्याच्या चौकटी सुमारे नऊ किलोमीटरच्या आहेत, त्यामुळे मे महिन्यातले स्थानिक वादळ त्यात दिसेल अशी अपेक्षा करू नये.

दिशेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे आणि तो शिवडीकडून चिर्ल्याकडे पूर्व-आग्नेय दिशेने जातो. वारा निव्वळ पश्चिमेचा असेल तर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या गाडीला तो बराचसा पाठीमागून मिळतो आणि परतताना समोरून लागतो. दोन्ही वेळा चालकाला तो जाणवतो, पण गाडी ढकलली जात नाही. वारा नैऋत्येकडून येऊ लागला की तोच वेग जवळपास काटकोनात आडवा येतो आणि कित्येक किलोमीटर कसलाही आडोसा मिळत नाही. घोडबंदरच्या पुढचा वर्सोवा पूल दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे तिथे पश्चिमेचा वारा अंगावर येतो आणि गुजरातकडे निघालेल्या रिकाम्या गाड्यांना तो झोंबतो. वाशीचा खाडीपूल पूर्व-ईशान्येकडे जातो. नैऋत्य वाऱ्यात तो तुलनेने सोपा असतो. वेग सारखाच असताना एक पूल बंद आणि दुसरा चालू ठेवणे, हा निर्णय दिशेचा आकडा पाहिल्याशिवाय घेता येत नाही, आणि तो आकडा हातातले यंत्र देत नाही, मेटार देतो.

या सगळ्यावरून आम्ही कचेरीत तीन मर्यादा लिहून लावल्या आहेत. त्या कायद्याच्या नाहीत, आमच्या गाड्यांसाठी आमच्या समजुतीने ठरवलेल्या आहेत आणि झोतांच्या आकड्यावर आधारलेल्या आहेत. ताशी ४० च्या पुढे ताडपत्री आणि रस्सी पुन्हा तपासायची, रिकाम्या डब्याची चारही ट्विस्ट लॉक, म्हणजे डबा ट्रेलरला धरून ठेवणारी कुलुपे, चालकाने स्वतः हात लावून पाहायची, आणि पुलावर गाडीचा वेग ताशी ४० च्या आत ठेवायचा. ताशी ५० च्या पुढे चाळीस फुटी रिकामा डबा आणि हलका माल भरलेली बंद बॉडीची गाडी अटल सेतूवर किंवा वर्सोवा पुलावर न्यायची नाही. थर्माकोल, वेफरची पाकिटे, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि रिकामे ड्रम हा माल आमच्या हिशेबात रिकामाच धरला जातो, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गाडी भरलेली दिसत असली तरी. ताशी ६५ च्या पुढे कोणतीही गाडी यार्डाबाहेर पडत नाही आणि रस्त्यावर असलेली गाडी जवळच्या सुरक्षित जागी थांबते.

५० आणि ६५ हे आकडे काहींना फार सावध वाटतात. त्यांच्यासाठी दोन-तीन उदाहरणे देतो. अमेरिकेतल्या मॅकिनॅक पुलावर वारा ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे ५६ किलोमीटरच्या पुढे गेला की उंच वाहनांना पुलाची माणसे सोबत देऊन पार करतात आणि ५० मैलांपासून, म्हणजे ८० किलोमीटरपासून, त्यांना पुलावर घेतच नाहीत. रामेश्वरच्या जुन्या पांबन रेल्वेपुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडीला सिग्नल मिळत नसे. कोकण रेल्वेनेही रत्नागिरीजवळच्या उंच पानवल पुलावर वारा मोजणारी यंत्रे बसवली आहेत. रुळांना धरून चालणारी शेकडो टनांची गाडी जर वाऱ्याच्या आकड्यावर थांबवली जाते, तर रबरी टायरवर चालणाऱ्या रिकाम्या ट्रेलरला तो नियम लावण्यात अतिरेक काय आहे? न्हावा शेव्याला ५ ऑगस्ट २०२० च्या वाऱ्यात धक्क्यावरच्या तीन अजस्र क्रेन कोसळल्या होत्या. त्या दिवशी तिथल्या रस्त्यांवर रिकामे डबे घेऊन जाणाऱ्या गाड्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

वेग कमी करण्याचा फायदा चालकांना पटवून द्यावा लागतो, कारण पुलावरून लवकर उतरावे असे सगळ्यांनाच वाटते. आडवा वारा ताशी ६० चा असताना गाडीही ताशी ६० ने चालली, तर दोन्ही वेग मिळून डब्यावर तिरका आदळणारा वारा ताशी ८५ चा होतो. गाडी ताशी ३० वर आणली की तोच ६७ होतो आणि दाब तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरतो. शिवाय झोताने गाडी सरकली तरी ती सावरायला दुप्पट वेळ मिळतो.

या यंत्राने आमच्याकडे सर्वांत मोठा बदल केला तो फोनवरच्या बोलण्यात. पूर्वी कट-ऑफ जवळ आला की पार्टीचा फोन यायचा, ‘बाकीच्यांच्या गाड्या चालू आहेत, तुमचीच का थांबली?’ असा प्रश्न व्हायचा, आणि त्यावर ‘हवा जास्त आहे’ हे उत्तर सबबीसारखे ऐकू यायचे. डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, कोणी भरायचे, गेट-इन, म्हणजे बंदरात डबा आत घालण्याची वेळ, हुकले तर जबाबदार कोण, हे वाद शेवटी चालकाच्या माथी येत आणि तो बिचारा निघत असे. आता वेळ, जागा आणि ‘मॅक्स’चा आकडा दिसेल असा यंत्राचा फोटो, सोबत मेटारची ओळ आणि नाऊकास्टचा मजकूर, असे तिन्ही एकदम पाठवले जातात. आकड्याशी हुज्जत घालणे अवघड असते. एका पार्टीने तर नव्या करारात वाऱ्यामुळे झालेल्या थांब्याचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, देण्याचे कलम स्वतःहून घातले.

या ताकदीतच एक धोकाही आहे. आकडा मर्यादेच्या आत आहे म्हणून चालकाला ‘निघ’ असे सांगण्यासाठी हे यंत्र वापरले गेले, तर त्याच्यापेक्षा ते नसलेले बरे. आमच्याकडे ते केवळ थांबवण्यासाठी आहे. आकडा जास्त असेल तर चालकाची इच्छा असूनही गाडी निघत नाही. आकडा कमी असेल आणि चालक म्हणत असेल की गाडी ओढते आहे, तर चालकाचे म्हणणे अंतिम मानले जाते आणि त्या खेपेचा भत्ता कापला जात नाही. स्टेअरिंगवर हात त्याचा असतो आणि वाऱ्याची खरी मोजणी त्याच्या मनगटात होत असते. भत्त्याची ही हमी दिल्याशिवाय कोणत्याही मालकाने हे यंत्र चालकांच्या हातात देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांबण्याच्या जागेबद्दल यंत्र काहीच सांगत नाही, तेव्हा ते चालकांना वेगळे सांगावे लागते. जाहिरात फलक, मोठी झाडे, बांधकामाचे परांचे आणि पत्र्याच्या शेड यांच्याजवळ गाडी लावू नये. पेट्रोल पंप दिसला म्हणजे आसरा मिळाला असे धरू नये. शक्य तिथे गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, म्हणजे ३५ चौरस मीटरची बाजू वाऱ्यापुढे न येता सात-आठ चौरस मीटरचे तोंड येते. वारा सुटलेला असताना ताडपत्री बांधण्यासाठी क्लीनरला मालावर चढवू नये.

हे यंत्र कोणी घ्यावे, याबद्दल माझे मत असे आहे. रिकामे कंटेनर, बंद बॉडीच्या गाड्या किंवा उंच हलका माल नेणाऱ्या आणि खाडी-समुद्रावरचे पूल रोज ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहतूकदाराने एक यंत्र कचेरीत आणि एकेक अशा प्रत्येक गाडीत ठेवावे. ज्या गाडीचा एक टायरही दोन हजारांत येत नाही, त्या गाडीसाठी हा खर्च जड नाही. फक्त टिपर, लोखंडाच्या सळ्या किंवा भरलेले टँकर चालवणाऱ्यांना याची गरज कमी आहे, त्यांना नाऊकास्ट आणि मेटार पुरेसे होतील. खरेदी करताना दुकानातच यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि निवडलेले एकक टिकते का ते पाहावे. टिकवणारा नग थोडा महाग असला तरी तोच घ्यावा. ‘मॅक्स’ वेगळा पुसण्याचे बटण आहे का, अंक उन्हात वाचता येतात का आणि बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी आहे का, एवढे पाहून पावती मागून घ्यावी.